डावीकडची रेघ

प्रिय वहिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगते, मी धडधाकट आहे. नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे आणि वरच्या मजल्यावरच्यांचा नळ गळायचा एकदाचा थांबलाय. अक्षर एवढं टपोरं का, आणि असल्या जाड पेनाने का, तेही सांगते, पण ओळीने. उगाच शेवटचं पान आधी उलटू नकोस. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी काय बोलतो? तू म्हणतेस बरं आहे, मी म्हणते बरं आहे, आणि मग दोघीही दादा मधे बोलेल म्हणून थांबतो. तो आता बोलत नाही. कागदावर तसं थांबता येत नाही, ओळ पुढे न्यावीच लागते.

दुकानाच्या नव्या जागेचा फोटो भाच्याने पाठवला होता, त्याचं जहाज कुठल्याशा बंदराला लागलं तेव्हा. 'आईने दुकान हलवलं, आत्या, तुला माहीत असेलच' असं खाली लिहिलं होतं. मला माहीत नव्हतं. तक्रार नाही हं. मीही घरातलं कपाट बदललं ते तुला कुठे कळवलं? शिलाईचं मशीन खिडकीपाशी ठेवलंयस ते बरं केलंस, जुन्या दुकानात तू भर दुपारी दिवा लावून काजं करायचीस. पाटीवर तुझं एकटीचंच नाव आहे, ते वाचायला मी फोटो मोठा करून बघितला. चांगलं दिसतं. दादा असता तर त्यानेच पाटी वाकडी लावली असती आणि सरळच आहे म्हणून वाद घातला असता.

माझ्या कामाचं दादाला कधी कळलं नाही. पाहुण्यांना सांगायचा, 'आमची ही कंप्युटरची दारं-खिडक्या करते.' पाहुणे वा वा म्हणायचे आणि विषय बदलायचे. तुला मात्र एकदा बरोब्बर कळलं होतं, आठवतंय? शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते, दुकानात एकीकडे कॉलरींचा ढीग, एकीकडे खिशांचा, एकीकडे बाह्यांचा. मी म्हटलं, आमचंही असंच असतं. स्क्रीनवर जे बटण दिसतं ते दर वेळी नव्याने करत नाही, एकदा करून ठेवतो आणि शंभर ठिकाणी जोडतो. तोंडात टाचण्या धरून तू म्हणालीस, 'मग वन्सं, एका कॉलरचं माप चुकलं की अख्ख्या शाळेचे गळे आवळले!' मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन हे सांगितलं. शंकासुराने ते फळ्यावर लिहून ठेवलं, आणि कोणी पुसलं नाही कितीतरी दिवस.

शंकासुर म्हणजे आमच्याकडची तपासणारी बाई. आम्ही केलेलं प्रत्येक पान मोडून बघायचं हे तिचं काम. कोणी 'झालं' म्हटलं की ती 'खरं?' म्हणायची, म्हणून हे नाव पडलं. तेव्हा आम्ही सगळे एकाच खोलीत होतो. आमची कंपनी माल पोचवते, हे तुला ठाऊक आहे. माल कुठून उचलला, कोणत्या गाडीत चढला, वजन किती, बिल किती, पेटी फुटली म्हणून कोणी तक्रार केली, हे सगळं ज्या पानांवर दिसतं ती पानं आमची. आणि ती सगळी पानं एकाच गाठोड्यात. कोणीही उठावं, कुठेही हात घालावा. एकदा रंगाऱ्याने, म्हणजे पानं कशी दिसावीत हे ठरवणाऱ्या आमच्या पोराने, तक्रारीच्या पानावरचं बटण लालचं निळं केलं. झालं! बिलाच्या पानावरचा वजनाचा रकानाच गायब. का, तर कोणीतरी कधीतरी दोन्हींना एकच दोरा ओवून ठेवला होता. वजन दिसेना म्हणून बिल निघेना, बिल निघेना म्हणून गाड्या फाटकातच उभ्या. ड्रायव्हर लोक फाटकाबाहेर पत्ते कुटत बसले आणि आमच्या खोलीत नुसता हलकल्लोळ. 'कोणी हात लावला?', 'मी नाही', 'मग काय भुताने लावला?' रंगारी रडवेला झाला होता. शंकासुर टेबलाखाली शिरून वायर बघत होती, जशी काही चूक तिथे पडली असेल. दुपारी पहिली गाडी सुटली तेव्हा साहेब स्वतः सगळ्यांसाठी चहा घेऊन आले आणि आम्ही वेड्यासारखे हसलो. त्या दिवसाबद्दल कोणी मला विचारलं तर मी म्हणेन, फार वाईट दिवस होता. आणि तसला एखादा दिवस मिळावा म्हणून मी आज काय वाट्टेल ते देईन.

असं रोजच होऊ लागलं तेव्हा मी साहेबांकडे गेले. म्हटलं, हे गाठोडं सोडवायला हवं. माणसं वाढतायत, पानं वाढतायत, नवा माणूस आला की पहिले कित्येक महिने कशाला हात लावू आणि कशाला नको या धास्तीतच काढतो. मी कागदावर काढून दाखवलं. बाहेर एक चौकट ठेवायची. वरची पट्टी, डावीकडची यादी, आत कोण आलंय आणि त्याला काय बघायची मुभा आहे, एवढंच त्या चौकटीने सांभाळायचं. चौकटीच्या आत प्रत्येक कामाची वेगळी खोली. मालाची वेगळी, गाड्यांची वेगळी, बिलांची, तक्रारींची. कोणी दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही, दुसऱ्याच्या कपाटातलं परस्पर घ्यायचं नाही. काही हवं असेल तर चौकटीपाशी येऊन ठरलेल्या शब्दांत मागायचं. बटणं, रकाने, तारखेचे चौकोन, म्हणजे तुझ्या कॉलरी गं, सगळ्यांना लागतात. त्यांची एक वेगळी पेटी, आणि पेटीतल्या वस्तूचं माप बदलायचं तर आधी सगळ्यांना विचारायचं. आणि इतकं करूनही एखादी खोली कोसळलीच, तर चौकटीने तिच्या जागी एक करडा चौकोन दाखवायचा, 'हा भाग सध्या बंद आहे, बाकी काम चालू ठेवा.' शेजारच्या खोलीत टाचणीही हलता कामा नये. साहेबांनी एकेका खोलीवर बोट ठेवून कागद बघितला. मग म्हणाले, 'बाई, हे जमलं तर आपल्याला एकमेकांवर ओरडावं लागणार नाही.'

जमलं. दोनेक वर्षं गेली, पण जमलं. चालत्या गाडीची चाकं बदलण्यातला प्रकार होता. जुन्या गाठोड्यातून एकेक काम सोडवून नव्या खोलीत न्यायचं, आणि बिलं लिहिणाऱ्या कारकुनाला पत्ताही लागू द्यायचा नाही. आधी तक्रारी हलवल्या, मग गाड्या, बिलं सगळ्यात शेवटी. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काम दुसरं केलं नाही, हे तुला सांगायला लाज वाटत नाही. आता कोणी काही बदललं तर दुसऱ्याचं काही बिघडत नाही. तक्रारवाल्यांना बिलवाल्यांची वाट बघावी लागत नाही. म्हणून मग ते वेगळ्या मजल्यावर गेले. गाड्यावाले तर कोणी या गावात, कोणी त्या गावात, घरूनच काम करतात. रंगाऱ्याला दुसरीकडे मोठी जागा मिळाली. शंकासुर निवृत्त झाली. साहेब वरच्या मजल्यावर गेले. चौकटीला एकच माणूस पुरतो, तो मी. चांगल्या चौकटीचं लक्षण म्हणजे तिच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही. तसंच झालं. मोठी खोली, रिकाम्या खुर्च्या, आणि कोपऱ्यात मी. झाडणारा सकाळी येतो तेव्हा माझ्यापुरताच दिवा लावून जातो. मी घरून काम करू शकते, पण घरी फ्रिजचा आवाज येतो. मधूनच थांबतो तेव्हा जास्त येतो, म्हणजे काय ते तुला कळेल.

दादा गेला तेव्हा मी तुझ्याकडे होते ते दिवस आठव. किती दिवस होते, मी मोजले नाहीत. परत ऑफिसात आले तेव्हा मला वाटलं होतं, कोणीतरी विचारेल, कुठे होतीस, आणि मी काय सांगायचं ते गाडीत बसून ठरवलंही होतं. कोणीच विचारलं नाही. वाईट माणसं नाहीत गं ती. त्यांना कळलंच नव्हतं. चौकट चालू होती, त्यांची पानं उघडत होती, माझ्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. माझ्या जागी करडा चौकोन दिसावा इतकंही काही बिघडलं नव्हतं. मी खुर्चीत बसले, संगणक चालू केला आणि कामाला लागले. ठरवलेलं वाक्य तसंच राहिलं.

आणि आपल्या दोघींचं म्हणशील तर, तुझं चुकलं नाही नि माझंही नाही. तुझ्या-माझ्यातलं बोलणं सगळं दादाच्या हातून जायचं. रविवारी त्याचा फोन यायचा, अर्धा वेळ तो मला आणि अर्धा वेळ आतल्या खोलीत तुला ओरडून सांगायचा. 'ती विचारतेय गुडघा कसा आहे.' 'ती म्हणतेय तुझ्यासारखाच आहे, कुरकुरणारा.' आपण एकमेकींशी बोलतोय असंच आपल्याला वाटायचं. तो गेल्यावर तू दोनदा फोन केलास, मी तीनदा. मग तुझ्याकडून सकाळच्या फुलांची चित्रं यायची, मी जोडलेले हात पाठवायची. मग फुलंही थांबली. तुला वाटलं असेल, नवऱ्याची बहीण, तिला कशाला रोज त्रास. मला वाटलं, भावाची बायको, आता तिच्यावर माझा काय हक्क. दादा आत होता तेव्हा दवाखान्याच्या त्या बाकावर मात्र आपण हक्क-बिक्क बघितला नव्हता. तू मांडीवर गणवेश घेऊन हूक लावत बसायचीस आणि मी तुला दोरा ओवून द्यायची, कारण तुझ्या डोळ्यांना पाणी यायचं. तेव्हा माझी नजर चांगली होती.

आता डोळ्यांचं सांगते. मधे एके दिवशी सकाळी ऑफिसात गेले, संगणक उघडला, आणि बघते तर चौकटीची डावीकडची रेघ वाकडी. यादी आणि पान यांच्यामधे एक उभी करडी रेघ आहे, मीच घातलेली, केसाइतकी बारीक. तिला मधोमध पोट आलेलं. सरळ रेघेला पोट येण्याचं काही कारणच नसतं गं, ती वाकडी काढायची म्हटली तरी खटाटोप करावा लागतो. मी माप तपासलं, कोड तपासला, आदल्या दिवशी कोणी पेटीतलं काही बदललंय का बघितलं. काही नाही. शेजारच्या रिकाम्या टेबलावरचा संगणक चालू केला, तिथेही पोट. मग सगळ्या मजल्यांना चित्र पाठवलं, 'तुमच्याकडे रेघ वाकडी दिसते का?' बिलवाल्यांचं उत्तर आलं, सरळ आहे. गाड्यावाल्यांचं आलं, सरळ आहे. तक्रारवाल्या एका पोराने नुसता अंगठा पाठवला, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. मला वाटलं, ही मुलं नीट बघतच नाहीत. मी चौकटीचा तेवढा भाग खरवडून पुन्हा नव्याने लिहिला. रेघ तशीच. खरं सांगू, त्या दिवसांत मी जरा खुशीत होते. काहीतरी मोडलं होतं, ते माझं होतं, आणि सकाळी उठून जायला एक कारण होतं. घराच्या दाराची चौकटही जराशी वाकलेली वाटायची, पण म्हटलं घर जुनं आहे.

कुठेच काही सापडेना तेव्हा मी शंकासुराला फोन केला. निवृत्त झाल्यापासून ती नवऱ्याचं सगळं बघते, तो अंथरुणावरच असतो. म्हणाली, शेजारणीला बसवून दोन तास येते. आली ती डबा घेऊनच, आणि दारात उभी राहून म्हणाली, 'अगं बाई, इथे माणसं असायची ना?' मग माझ्या खुर्चीत बसली, चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं. म्हणाली, 'रेघ सरळ आहे.' मी म्हटलं, नीट बघ. म्हणाली, 'आयुष्यभर तुझ्या रेघा बघितल्यात, सरळ आहे.' मी चिडले. म्हटलं, तुलाही दिसत नाही म्हणजे कमाल आहे, आणि बोटाने दाखवायला लागले, हे बघ, इथे बाहेर येते, इथे परत आत जाते. तिने माझं बोट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिची ती नजर मला ओळखीची आहे, कुठे तुटलंय ते कळलं की ती अशीच बघायची. म्हणाली, 'डावा डोळा झाक.' मी झाकला. रेघ सरळ! ओळंबा सोडल्यासारखी. 'आता उजवा झाक.' उजवा झाकला, आणि वहिनी, रेघेला नुसतं पोट नव्हतं, ती मधे तुटलेली होती. जिथे मी बघेन तिथेच एक डाग, आणि त्याच्या कडेने सगळं ओढून घेतल्यासारखं. शंकासुराचा चेहरा बघायला वळले तर तिचे कान दिसले, केस दिसले, मधे चेहराच नाही. तिने माझा हात धरला. म्हणाली, 'तुझ्या चौकटीला काही झालेलं नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.' मग आम्ही दोघींनी तिचा डबा खाल्ला. ती एकसारखी दुसरंच काहीतरी बोलत होती, आणि दोन तास संपले तशी उठून गेली.

डॉक्टर वयाने भाच्याएवढे असतील. त्यांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचं चित्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं. बरोबर मधोमध एक छिद्र आहे. वयाने होतं म्हणाले, बायकांना जास्त, कोणाच्या चुकीने नाही. उजवा डोळा चांगला आहे, तोच इतके दिवस डाव्याची उणीव झाकत होता, म्हणून मला कळलं नाही. शस्त्रक्रिया करून छिद्र बंद होण्याची शक्यता चांगली आहे, फार दिवस पुढे ढकललं तर कमी होत जाईल. तोवर संगणकाकडे बघितलं की डोकं दुखतं, बारीक अक्षरांवर नजर ठरत नाही, म्हणून हे जाड पेन आणि ही शाळकरी ओळींची वही. मी साहेबांना सांगायला वर गेले. ते खुर्चीतून उठले, मला बसायला दिलं, फार आपुलकीने बोलले. रजा हवी तेवढी घ्या म्हणाले. आणि मला धीर यावा म्हणून म्हणाले, 'कामाची काळजीच करू नका. तुम्ही चौकट अशी करून ठेवली आहे की कोणी नसलं तरी चालते.' मनापासून कौतुक होतं ते. मी आभार मानले आणि जिन्याने खाली आले, लिफ्ट समोर उभी असताना.

शस्त्रक्रिया तासाभराची आहे. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. डोळ्यात हवेसारखा एक बुडबुडा सोडतात. तो वर वर तरंगायला बघतो, आणि तो मागच्या पडद्यावर दाबून बसावा म्हणून पेशंटने तोंड खाली ठेवायचं. आठवडाभर. बसताना, जेवताना, झोपताना, न्हाणीघरात जाताना, जमिनीकडेच बघत राहायचं. ठरल्या वेळी डोळ्यात थेंब घालायचे, तेही स्वतःला घालता येत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, मी. ते थांबले, त्यांना वाटलं मी यादी सुरू केलीय. म्हणाले, 'आणि?' मी म्हटलं, 'मीच.' त्यांनी मान हलवली आणि हळू आवाजात म्हणाले, सोबत कोणीतरी लागेलच, त्याशिवाय आम्ही तारीख देत नाही. शंकासुराला सांगितलं तर ती नवऱ्याला खाटेसकट उचलून माझ्याकडे घेऊन येईल, म्हणून तिला फक्त औषध चालू आहे एवढंच कळवलं. भाचा समुद्रावर. पैसे देऊन राहणाऱ्या बायका मिळतात, दवाखान्यात त्यांच्या जाहिराती लावलेल्या आहेत. एकीला फोनही केला होता. ती चांगली बोलली. माझं वय विचारलं, जिने किती आहेत विचारलं. मी 'कळवते' म्हटलं आणि फोन ठेवला, आणि मग का कोण जाणे, इतकी रडले की उजव्या डोळ्यालाही काही दिसेनासं झालं.

आता वहिनी, हे पत्र का लिहिलं ते सांगते. तारीख घ्यायला मी खिडकीपाशी गेले. पलीकडची मुलगी विचारून विचारून स्क्रीनवर भरत होती. नाव, वय, पत्ता. 'सोबत कोण?' मी म्हटलं, ते रिकामं ठेव ना, मागाहून सांगते. म्हणाली, 'रिकामं ठेवलं तर पुढे जातच नाही, बाई.' मला ठाऊक आहे गं, असे रकाने मी स्वतः किती केलेत, भरल्याशिवाय पुढे जाऊ न देणारे. मागे रांग लागली होती, एक आजोबा खोकून खोकून आपण उभे असल्याचं कळवत होते. आणि मी तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता, तीन वर्षांत तुझ्या गुडघ्याची चौकशीसुद्धा न करता, तुझं नाव, तुझा नंबर, दोन्ही तोंडपाठ होते. मुलगी म्हणाली, 'नातं?' आणि तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली, मी निवडावं म्हणून. अक्षरं ओढल्यासारखी दिसत होती, मान तिरकी करून वाचली. पती, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, इतर. वहिनी नव्हतंच त्यात. ती म्हणाली, 'वहिनी ना? मग इतर टाकते.' मी म्हटलं, नाही, इतर टाकू नकोस. माझा आवाज जरा चढला असावा, कारण आजोबांचा खोकला थांबला. मी म्हटलं, बहीण लिही. तिने बहीण निवडलं, आणि तारीख मिळाली, येत्या बुधवारच्या पुढचा बुधवार. दुकान बंद ठेवणं तुला सोपं नाही, नव्या जागेत तर नाहीच, आणि नाही म्हणायला तुला सवड मिळावी म्हणूनच फोन न करता हे लिहिलं. नाही म्हणालीस तरी मी रुसणार नाही, त्या बाईला बोलावीन. पण मला ती नको आहे, मला तू हवी आहेस. आठवडाभर माझं तोंड जमिनीकडे असणार, तेव्हा एकमेकींच्या तोंडाकडे बघून काय बोलायचं हा प्रश्नही नाही. तू नुसती त्याच खोलीत तुझं हूक लावायचं काम घेऊन बस. आणि आलीस तर दवाखान्याच्या दारावरचा माणूस तुला विचारेल, पेशंटचे कोण म्हणून. तिथे वहिनी म्हणू नकोस, तुला आत सोडणार नाही. बहीण म्हण.

तुझीच,
वन्सं